हंसातला उडता तारा: '६१ सिग्नी' वावरातून कसा शोधायचा, त्याची जोडी कशी फोडायची आणि त्याचं सरकणं कसं टिपायचं

हंस तारकासमूहात एक अंधुक तारा आहे. त्याला ना भारतीय नाव, ना अरबी. तारायादीतला नुसता क्रमांक आहे: ६१ सिग्नी, म्हणजे हंसातला ६१ वा. उघड्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो आणि एकच ठिपका वाटतो, पण तिथे दोन तारे आहेत. एकाची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ५.२, दुसऱ्याची ६.०, दोघांचा उजेड मिळून ४.८ प्रतीचा एक तारा होतो. शहरातून ही प्रत हाती लागत नाही. गावाबाहेरच्या अंधारात लागते, आणि विदर्भात असा अंधार अजून शिल्लक आहे.

एवढ्या मंद ताऱ्यामागे लागायचं कारण म्हणजे त्याची चाल. आकाशातले बाकीचे तारे माणसाच्या आयुष्यात जागचे हलल्यासारखे वाटत नाहीत. हा दरवर्षी सुमारे ५.२ विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). इटलीचा खगोलशास्त्रज्ञ ज्युसेप्पे पियाझी याने १८०४ मध्ये ही चाल जाहीर केली आणि त्याला 'उडता तारा' म्हटलं. साध्या दुर्बिणीने आणि थोड्या चिकाटीने ती चाल आपल्यालाही पकडता येते. खालची सगळी खटपट त्यासाठी आहे.

महिना, तिथी आणि वेळ

पावसाळा विदर्भातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे सर्वात चांगले. हवा धुतलेली असते, धूळ बसलेली असते, आणि नेमक्या याच दिवसांत हंस संध्याकाळी डोक्यावर असतो. ऑक्टोबरच्या मध्याला आपला तारा पावणेआठच्या सुमारास सर्वात उंच येतो. तेव्हा तो उत्तर क्षितिजापासून ७१ ते ७२ अंशांवर असतो, चंद्रपूरकडे एखादा अंश कमी, नागपूरकडे एखादा जास्त. इतक्या उंचीवर क्षितिजालगतचा धूर, कोळशाची धूळ आणि दूरच्या शहराचा उजेड यांचा त्रास सर्वात कमी होतो.

दर महिन्याला ही वेळ दोन तासांनी अलीकडे येते. नोव्हेंबरच्या मध्याला अंधार पडतो तेव्हा तारा पश्चिमेकडे कललेला असतो, पण साडेआठपर्यंत आरामात दिसतो. डिसेंबरच्या मध्याला साडेसातला तो ३९ अंशांवर उतरलेला असतो. त्यात शेकोट्यांचा, पऱ्हाट्या जाळल्याचा धूर आणि धुकं आलं की उघड्या डोळ्यांनी शोधण्यात अर्थ उरत नाही, दुर्बिणीनेच पाहावं. पोळ्याच्या अमावास्येला ढग फाटले तर दहा-अकराच्या सुमारास संधी असते, पण त्या भरवशावर बेत आखू नये. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्यांना आणखी एक संधी मिळते: मे महिन्यात पहाटे ३ ते ४ या वेळात हंस ईशान्येला चांगला वर आलेला असतो. हवेत धूळ असते, तरी वादळी पाऊस पडून गेल्यावरची पहाट स्वच्छ निघू शकते.

चंद्राचा हिशेब तिथीवरून सोपा जातो. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंतच्या रात्री या कामाच्या नाहीत. कोजागिरीनंतर संकष्टी येते. तिचा चंद्रोदय भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलाच असतो. सूर्यास्तानंतर सव्वा तासाने पूर्ण अंधार होतो आणि तेव्हापासून त्या चंद्रोदयापर्यंतचा वेळ तुमचा. संकष्टीनंतर ही मुदत रोज पाऊणएक तासाने वाढते. म्हणून अश्विन वद्य पंचमी ते धनत्रयोदशी हा सगळ्यात चांगला काळ. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र नसतो, पण फटाक्यांचा धूर असतो, ती रात्र सोडा. भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवस चंद्राची कोर लवकर मावळते, तेव्हाही जमतं.

जागा आणि सावधगिरी

पंचायतीचा एलईडी दिवा थेट डोळ्यांत येत असेल तर गावात राहून काही दिसणार नाही. गावापासून अर्धा-एक किलोमीटर गेलं की फरक पडतो. ते जमत नसेल तर भिंतीच्या किंवा गोठ्याच्या सावलीत असे बसा की एकही दिवा थेट दिसू नये. आपला तारा डोक्याजवळ असल्याने क्षितिज झाकलं गेलं तरी बिघडत नाही.

वावरात जायचं तर दिवसा जागा पाहून ठेवा. रानडुकरांसाठी लोक कुंपणाला झटका मशीन लावतात, आणि काही जण थेट वीज सोडतात. ती तार अंधारात दिसत नाही आणि जीव घेते. म्हणून स्वतःचं किंवा ओळखीच्याच माणसाचं वावर, आणि शेजाऱ्याला आधी सांगून. धुऱ्यावरच्या गवतात बसू नका, मण्यार रात्रीच फिरते. गमबूट घाला, बाज किंवा खुर्ची न्या, सोबत एक तरी माणूस असू द्या. ताडोबा, ब्रह्मपुरी, मेळघाट, नवेगाव-नागझिरा या भागांत वाघ-बिबट-अस्वलांचा वावर आहे. तिथे रात्री शेतात जाऊच नये, घराची गच्ची किंवा शाळेचं पटांगण वापरावं. जंगलाजवळ असल्यामुळे तिथला अंधार तसाही चांगला असतो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती याच अंधारामुळे.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मधे कोणी मोबाईल उघडला, मोटरसायकलचा दिवा अंगावर आला किंवा काडी पेटवली की घड्याळ पुन्हा शून्यावर. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबर लावून बसवा. मोबाईलवर स्टेलॅरियम हे तारे दाखवणारं अ‍ॅप वापरत असाल तर त्यात रात्रीची लाल पडदा-सोय आहे, ती चालू करा, आणि उजेडाची पातळी तळाला न्या. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा. अर्ध्या नंबराचा चष्मा 'तसा लागत नाही' म्हणून घरी ठेवणाऱ्यांना हा तारा बहुधा दिसत नाही, कारण एवढ्याशा धूसरपणानेही मंद ठिपका पसरून आकाशात विरतो.

उघड्या डोळ्यांनी शोधणं

बाज अशी टाका की डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला येतील. आपल्याकडे झोपताना डोकं उत्तरेला करत नाहीत, त्यामुळे ही दिशा कोणालाच खटकणार नाही. आता उजवा हात पूर्वेला, डावा पश्चिमेला, आणि डोक्यावरच्या बिंदूपासून थोडं पायांकडे हंस. खालचं सगळं वर्णन ऑक्टोबरच्या मध्यात, साडेसात-आठच्या सुमाराचं आहे.

आधी तीन ठळक तारे हेरा. डावीकडे वायव्येला निळसर पांढरा अभिजित, डोक्याच्या मागे नैर्ऋत्येकडे श्रवण, आणि पायांकडे, अभिजितच्या उजवीकडे, हंसाच्या शेपटीचा डेनेब. डेनेब सापडला की हंसाचा क्रूस दिसतो: डेनेबपासून छातीचा तारा सद्र, तिथून लांब मान श्रवण आणि अभिजित यांच्या मधल्या बाजूला जाते आणि तोंडाशी अल्बिरिओ येतो. सद्रच्या दोन्ही बाजूंना पंख. एक पंख अभिजितच्या बाजूला आहे, तो आपल्या कामाचा नाही. दुसरा, अभिजितपासून दूरच्या बाजूचा, त्यातला ठळक तारा गिएनाह. चूक होते ती बहुतेक इथेच. पंखांची अदलाबदल झाली की पुढचा चौकोन भलत्या जागी पडतो आणि माणूस तासभर रिकाम्या आकाशात शोधत राहतो. 'अभिजितच्या उलट बाजूचा पंख' एवढं घोकून ठेवा. हंस कोणत्याही कलात असला तरी हे बदलत नाही.

आता डेनेब, सद्र आणि गिएनाह हे समांतरभुज चौकोनाचे तीन कोपरे समजा. चौथा कोपरा मनाने पूर्ण करा. बाजेवरून पाहताना सद्र डावीकडे, डेनेब पायांकडे, गिएनाह डोक्याकडे, आणि चौथा कोपरा उजवीकडे. ६१ सिग्नी तिथेच आहे. हा चौकोन नुसता अंदाजाचा नाही. नकाशावर मोजला तर चौथा कोपरा आणि तारा यांत अर्ध्या अंशाहूनही कमी फरक निघतो. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते आणि मधली तीन बोटं ५ अंश. डेनेबपासून तारा ८ अंशांवर, म्हणजे मुठीहून थोडा कमी. गिएनाहपासून सव्वासहा अंशांवर.

त्या कोपऱ्याजवळ तीन वाटाडे आहेत. डेनेबच्या बाजूला, ताऱ्यापासून तीन अंशांवर, ३.९ प्रतीचा न्यू. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, दोन शेजारी: ३.७ प्रतीचा टाऊ आणि ४.२ प्रतीचा सिग्मा. टाऊ १.७ अंशांवर, सिग्मा २.१ अंशांवर. टाऊ आणि सिग्मा हा छोट्या निमुळत्या त्रिकोणाचा पाया धरा, त्याचं टोक पश्चिमेला. टोकाचा तारा ६१ सिग्नी.

हेच वाटाडे आकाशाची परीक्षाही घेतात. टाऊ दिसतो पण सिग्मा दिसत नाही, अशी स्थिती असेल तर तिथून ६१ सिग्नी दिसणार नाही. जागा बदला, किंवा डोळ्यांना अजून वेळ द्या. सिग्मा सहज, थेट पाहताच दिसत असेल तर आशा धरा. तरीही ६१ सिग्नीकडे थेट रोखून पाहू नका. डोळ्याचा मधला भाग मंद उजेडात कच्चा असतो, कडेचा भाग तेज. म्हणून नजर टाऊ किंवा न्यूवर ठेवा आणि लक्ष मात्र त्या टोकाच्या जागी. तारा क्षणभर दिसेल, मग जाईल, पुन्हा दिसेल. असं होणं बरोबर आहे. श्वास रोखू नका, डोळे मोठे करून ताणू नका.

खरंच दिसला की मनाने दाखवला, हे ठरवायची पक्की रीत आहे. दोघांनी एकमेकांशी न बोलता कागदावर न्यू, टाऊ, सिग्मा काढायचे आणि आपल्याला दिसलेला चौथा ठिपका मांडायचा. मग लाल टॉर्चखाली दोन्ही कागद ताडून पाहायचे. दोघांचा ठिपका त्याच जागी पडला तर काम झालं. हे करताना तारानकाशा आधी पाहू नका. नकाशा पाहिलेल्या माणसाला जिथे तारा असायला हवा तिथे तो दिसू लागतो.

जोडी कधी फुटते

अरुंधती-वसिष्ठाची जोडी लग्नात दाखवायची रीत आहे, आणि उन्हाळ्यातल्या लग्नसराईत सप्तर्षी संध्याकाळीच वर असल्याने ती बहुतेकांनी पाहिलेली असते. त्या दोघांत सुमारे १२ कलांचं अंतर आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणून ती नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसते. ६१ सिग्नीच्या दोन ताऱ्यांत अंतर आहे सुमारे ३१ विकला, म्हणजे अर्धी कला. अरुंधती-वसिष्ठाच्या तेविसाव्या हिश्श्याएवढं. नुसत्या डोळ्याने ही जोडी कोणालाच फुटणार नाही, तेव्हा कोणी 'मला दोन दिसले' म्हणालं तर त्याने शेजारचे दुसरे तारे पाहिलेत असं समजा.

मधली एक पायरी अभिजितजवळ आहे. त्याच्यापासून पावणेदोन अंशांवर एप्सिलॉन लायरी नावाची जोडी आहे, अंतर साडेतीन कला. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला ती डोळ्यांनीच दोन दिसते, बऱ्याच जणांना लांबट वाटते. ही जोडी बायनॉक्युलर निवडायला कामी येते. ७ पट मोठं दाखवणाऱ्या बायनॉक्युलरमधून ६१ सिग्नीची जोडी साडेतीन कलांइतकी, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी एप्सिलॉन लायरी दिसते तेवढीच फुटलेली दिसते. १० पटीच्या बायनॉक्युलरमधून पाच कलांइतकी, त्याच्या दीडपट. म्हणून ७ × ५० ने (७ पट, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) फक्त तीक्ष्ण नजरेच्यांना जमेल आणि १० × ५० ने बहुतेकांना, पण एका अटीवर: बायनॉक्युलर हलता कामा नये.

हातात धरून ते हलतंच. हृदयाचा ठोकासुद्धा तारा नाचवतो. बाजेवर झोपून दोन्ही कोपरांखाली गुंडाळलेल्या गोधड्या द्या आणि बायनॉक्युलरचा भार हाडांवर येऊ द्या, स्नायूंवर नको. बसून पाहायचं असेल तर छातीपेक्षा उंच बांबू जमिनीत टेकवा, त्याच्या टोकाला कापड गुंडाळून त्यावर बायनॉक्युलर धरा. कॅमेऱ्याचा तिपाई आणि जोडपट्टी असेल तर सर्वात उत्तम, फक्त ७२ अंशांवर मान फार वाकते. त्यासाठी खुर्ची मागे कललेली हवी.

फोकस आधी अल्बिरिओवर करा. मधल्या चाकाने डावा डोळा, मग उजव्या भिंगाजवळच्या कड्याने उजवा. अल्बिरिओचे दोन तारे ३५ विकला अंतरावर आहेत, एक सोनेरी, एक निळसर, आणि आपल्या जोडीपेक्षा बरेच तेजस्वी. अल्बिरिओ फुटत नसेल तर ६१ सिग्नी फुटणार नाही. आधी टेकू सुधारा. तो फुटला की चौथ्या कोपऱ्याकडे या. १० × ५० च्या एकाच दृश्यात न्यू, टाऊ, सिग्मा आणि ६१ सिग्नी हे चौघंही मावतात, त्यामुळे ओळख पटायला अडचण नाही.

टेलिस्कोपमध्ये मात्र काहीच अवघड नाही. ६० मिलिमीटरच्या भिंगालाही २५-३० पटीत जोडी स्वच्छ फुटते. ९०० मिलिमीटर नाभीय लांबीच्या नळीला २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावली की ३६ पट मोठं दिसतं, तेवढं पुरे. स्वस्त टेलिस्कोपसोबत ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि ३ पटीचं बार्लो भिंग (नेत्रिकेची पट वाढवणारं) येतं, ती दोन्ही डब्यातच राहू द्या. त्यांनी चित्र अंधुक होतं आणि तारा दृश्यात ठेवता येत नाही. शोधक दुर्बीण दिवसाउजेडी दूरच्या खांबाच्या टोकावर जुळवून घ्या. अंधारात जुळवायला गेलात तर अर्धी रात्र त्यातच जाते.

दोघांचा रंग नारिंगी आहे. तळपत्या ताऱ्यांसारखा भडक नाही, निखाऱ्यावर राख चढताना दिसतो तसा. रंग नीट कळत नसेल तर फोकस किंचित बिघडवा. ठिपक्याची चकती झाली की रंग उठून दिसतो. मोठ्या ताऱ्याचं पृष्ठभागाचं तापमान अंदाजे ४५०० केल्विन, धाकट्याचं ४१००. सूर्याचं ५८०० च्या जवळ आहे. मोठा ताराही सूर्याच्या सातव्या हिश्श्याएवढाच उजेड देतो, धाकटा बाराव्या. म्हणजे मुळातच हे मिणमिणते तारे आहेत. तरी आपल्याला दिसतात, कारण ते फक्त ११.४ प्रकाशवर्षांवर आहेत. सहावीतल्या मुलाला हा तारा दाखवाल तेव्हा त्याच्या जन्माच्या सुमारास निघालेला उजेड त्याच्या डोळ्यांत शिरत असतो. शेजारचा डेनेब हजाराहून जास्त प्रकाशवर्षांवर असून किती झगझगीत दिसतो, हे त्याच रात्री त्याच मुलाला दाखवा. तेज आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

टेलिस्कोपमध्ये तारे उकळल्यासारखे थरथरत असतील तर दोष बहुधा तुमच्या पायाखाली आहे. दिवसभर तापलेला स्लॅब आणि टिनाचं छप्पर रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतं. मातीवर, शक्य तर ओलीत केलेल्या वावराच्या कडेला, टेलिस्कोप मांडा आणि पाहण्याआधी अर्धा तास तो बाहेर ठेवा. नोव्हेंबरपासून दव पडतं. भिंगावर दव आलं की आधी तारे अंधुक होतात, मग त्यांच्याभोवती वलय येतं. रुमालाने पुसू नका, ओरखडे पडतात. काळ्या कार्डशीटची नळी करून भिंगाच्या पुढे लावा, लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट. दव येणं तासभर तरी लांबतं. नेत्रिका खिशात ठेवा, अंगाच्या उबेने ती कोरडी राहते.

ही जोडी खरी जोडी कशावरून

आकाशात दोन तारे जवळ दिसले म्हणजे ते एकमेकांजवळ असतीलच असं नाही. एक पुढे, एक खूप मागे असू शकतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली याने २५ सप्टेंबर १७५३ रोजी ६१ सिग्नी दुहेरी असल्याचं नोंदवलं, तेव्हा हा प्रश्न उघडाच होता. पण दोघंही वर्षाला सुमारे पाच विकला, एकाच दिशेला, जोडीने सरकतात. बैलगाडीची दोन चाकं जशी एकाच वेगाने जातात तशी. त्यावरून ते एकत्र बांधलेले आहेत हे कळलं. ते एकमेकांभोवती फिरतातही, एका फेरीला साडेसहाशेहून जास्त वर्षं लागतात. ब्रॅडलीने पाहिल्यापासून अजून अर्धी फेरीही झालेली नाही. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात दोघांतलं दिसणारं अंतर आजच्या जवळपास निम्मं होतं, तेव्हा आपण पाहतोय तो काळ जोडी फोडायला चांगला आहे.

इतक्या वेगाने सरकणारा तारा जवळचा असला पाहिजे, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेलने हेरलं. रस्त्याकडेची झाडं बसच्या खिडकीतून भरभर मागे पळतात आणि दूरचा डोंगर हलत नाही, तेच तत्त्व. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत ३० कोटी किलोमीटर दुसऱ्या बाजूला जाते. जवळचा तारा तेवढ्याने मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित डुलतो. भिंगं घडवणाऱ्या फ्राउनहोफरच्या हेलिओमीटरने, म्हणजे ताऱ्यांमधले बारीक कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने, बेसेलने क्योनिग्सबर्गहून, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्राडहून, वर्षाहून जास्त काळ मोजणी केली आणि १८३८ मध्ये लंबन, म्हणजे या पूर्ण डुलण्याच्या निम्मा कोन, जाहीर केलं: ०.३१ विकला. आजचा आकडा ०.२९ च्या जवळ आहे. १८ किलोमीटरवर धरलेलं २५ मिलिमीटरचं नाणं जेवढं दिसेल तेवढा हा कोन. ताऱ्याचं अंतर असं भरवशाने मोजून जाहीर झालं ते याच ताऱ्याचं, सर्वात आधी.

चाल टिपणं

०.२९ विकलांचं डुलणं गावातल्या साधनांनी मोजता येणार नाही, पण वर्षाला ५.२ विकलांची चाल मोजता येते. त्यासाठी पट्टी ताऱ्याजवळच आहे. जोडीतलं अंतर ३१ विकला. ३१ ला ५.२ ने भागा, साधारण ६ येतात. म्हणजे हा तारा सहा वर्षांत स्वतःच्या जोडीतल्या अंतराएवढा पुढे जातो. पाचवीतल्या मुलीने आज नोंद केली तर ती अकरावीत असताना फरक डोळ्यांना दिसेल. चंद्राच्या व्यासाएवढं अंतर कापायला त्याला साडेतीनशे वर्षं लागतात.

दिशाही सोयीची आहे. धाकटा तारा मोठ्याच्या आग्नेयेला, जास्त दक्षिणेकडे आहे, आणि जोडी ईशान्येकडे सरकते. म्हणजे दोघांना जोडणाऱ्या रेषेला जवळपास काटकोनात, आडव्या पावलाने.

फोटोने हे काम सर्वात पक्कं होतं. मोबाईल अडॅप्टरने टेलिस्कोपच्या नेत्रिकेवर घट्ट बसवा, प्रो मोडमध्ये अर्धा ते एक सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००, फोकस हाताने, आणि बटण दाबताना धक्का लागू नये म्हणून ३ सेकंदांचा टायमर. नळी ताऱ्यामागे फिरत नसेल तर एका सेकंदात तारा सुमारे १२ विकला ओघळतो; ३१ विकलांच्या जोडीला तेवढं चालतं, त्याहून लांब ठेवलं तर दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळतात. कॅमेरा असेल तर २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स, तिपाई, अर्ध्या सेकंदाचे तीस-चाळीस फोटो, आणि ते फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचणे. जोडीभोवती आकाशगंगेतले मंद तारे विखुरलेले आहेत. त्यातले किमान तीन फोटोत यायलाच हवेत, कारण चाल मोजायची ती त्यांच्या तुलनेत. जोडी पूर्ण उजळून पांढरी आणि आजूबाजूला काळोख, असा फोटो मोजणीला निरुपयोगी.

दरवर्षी त्याच इंग्रजी तारखेच्या चार-आठ दिवस मागेपुढे फोटो काढा. तिथी धरू नका. अधिक मासामुळे ती जवळपास महिनाभर सरकते, आणि मग ते लंबनाचं डुलणं तुमच्या मोजणीत थोडी भर घालतं. एकाच तारखेला पृथ्वी कक्षेत त्याच जागी असते, म्हणून ते डुलणं आपोआप वगळलं जातं. दोन वर्षांचे फोटो मागच्या ताऱ्यांवर जुळवा, जोडीतलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा, मग मोठा तारा किती पिक्सेल सरकला ते मोजा. जोडी ६० पिक्सेलची असेल तर एका वर्षात १० पिक्सेल यायला हवेत. पहिल्या वर्षी ७ किंवा १३ आले तरी फोटो ठेवून द्या. पाच वर्षांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की चुका आपसात कटतात आणि सरळ रेषा मिळते.

फोटोची सोय नसेल तर पेन्सिल. वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढा, मोठा तारा मध्यावर घ्या, मग धाकटा, मग जवळचे चार-पाच मंद तारे. टेलिस्कोप न हलवता तारा ज्या कडेने दृश्याबाहेर जातो ती पश्चिम; तिथे बाण करा. ३६ पटीत त्याला मध्यापासून कडेपर्यंत जायला तीन-चार मिनिटं लागतात. नुसत्या अंतरांवर विसंबू नका, हाताने एक-दोन मिलिमीटर चूक होतेच. त्याऐवजी सरळ रेषा शोधा: 'हा मंद तारा, मोठा आणि तो दुसरा मंद तारा एका ओळीत आहेत' अशी नोंद शब्दांतही लिहा. ओळ मोडली की चाल दिसते, आणि ओळ मोडलेली डोळ्याला फार लवकर कळते. चित्राने फरक खात्रीने सांगायला आठ-दहा वर्षं धरा.

प्रत्येक चित्राशेजारी तारीख, वेळ, गाव, टेलिस्कोपचा व्यास, नेत्रिका, आणि मधे काटकोनी आरसा होता की नव्हता, हे लिहा. भिंगाच्या टेलिस्कोपला काटकोनी आरसा लावला की चित्र डावं-उजवं उलटं होतं. आरशाच्या न्यूटोनियनमध्ये ते फक्त फिरलेलं असतं. ही एक नोंद राहिली तर दहा वर्षांनी दुसऱ्या टेलिस्कोपने काढलेलं चित्र जुन्याशी जुळत नाही, आणि चूक कशात आहे हे सांगायला कोणी उरलेलं नसतं. नोंदी शिसपेन्सिलीने करा, शाई दवाने पसरते.